चारने गुणली की उलटी होणारी संख्या

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि अर्ध्या नागपूरचे नंबर तिला तोंडपाठ होते. रविवारच्या पेपरातलं आकड्यांचं कोडं ती चहा संपायच्या आत सोडवायची. एका रविवारी मात्र ती अडली. चार आकडी संख्या शोधायची होती, अशी की चारने गुणली की तेच आकडे उलटे होऊन येतात. पहिला आकडा दोन आणि शेवटचा आठ, इथवर ती पोचली. पुढे काही सरकेना. बुधवारी पोळ्या लाटतानाही ती पुटपुटत होती.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. सीताबर्डीला एका कापड दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास निघाला होता, तिथे जायचे. तीन कॉम्प्युटर, प्रत्येकाला जोडलेला टीव्ही आणि चपला बाहेर काढायची सक्ती. गुरुवारी मी आठ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: हजारापासून सुरू कर, संख्या चारने गुण, उलटी करून पाहा, जुळली तर थांब. पडद्यावर आकडे भराभर वर सरकू लागले आणि २१७८ वर थांबले. चारने गुणलं. ८७१२! मी इतकी हरखले की चपला न घालताच सायकलवर बसले. ते कळलं थेट घरी पोचल्यावर, पाय पोळले तेव्हा.

"आई, कॉम्प्युटरला सापडलं! एकवीसशे अठ्ठ्याहत्तर!"

तिने गुणून पाहिलं. मग संशयाने विचारलं, "त्यानं कसं काढलं?"

"एकेक संख्या करून पाहिली. हजार, एक हजार एक, एक हजार दोन..."

"सगळ्या?" आई आधी थक्क झाली, मग हसत सुटली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "म्हणजे त्याले काहीच येत नाही वं! अन् मी येडी चार दिवसांपासून डोकं फोडून राहिली! मले दाखव बरं तो."

रविवारी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून क्लासला आली. सरांना म्हणाली, "पाच आकड्यांचं लावा. तो मोजते तोवर मी विचार करते."

सरांना गंमत वाटली. त्यांनी दहा हजारापासून मोजणी सुरू केली. आई टीव्हीकडे पाठ करून कागद घेऊन बसली. क्लासची सगळी मुलं आई आणि कॉम्प्युटरच्या मधे उभी. कॉम्प्युटर तेरा हजारांवर असताना आईने पेन्सिल आपटली.

"एकवीस हजार नऊशे अठ्ठ्याहत्तर! त्याच संख्येच्या मधात नऊ टाकला, बस!"

"मॅडम, बघू या," सर म्हणाले. त्यानंतर दहा-बारा मिनिटं कुणीही जागचं हललं नाही. एकवीस हजार लागल्यावर मुलं मोठ्याने शेकडे मोजू लागली. सरही मोजू लागले. पडदा २१९७८ वर थांबला आणि असा काही ओरडा झाला की खालचे दुकानदार हातातला कापड मोजायचा मीटर घेऊनच वर धावत आले.

"काहून गा, काय झालं?"

"माझ्या आईने कॉम्प्युटरला हरवलं!" मी ओरडले. ते गोंधळले, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

आईला आता थांबवणं कठीण होतं. "चारच्या जागी नऊ टाकलं तं?"

"तूच टाक," म्हणत मी तिला खुर्चीवर बसवलं. एक्स्चेंजच्या बोर्डावर सराईत चालणारी तिची बोटं त्या कीबोर्डवर घाबरत फिरली. चार खोडून नऊ. पुन्हा हजारापासून सुरुवात. मी पाण्याचा ग्लास उचलते तोच पडदा थांबला: १०८९.

"नऊ गुणिले... नऊ हजार आठशे एक!" आईने माझा हात असा खेचला की पाणी तिच्या साडीवर सांडलं. तिला पत्ताच नव्हता. ती सरांना विचारत होती, "सर, बाकीचे आकडेही पाहू का? दोन, तीन, पाच? तुमचा क्लास कितीले बंद होते?"