मुखपृष्ठावरचा केक

टीव्हीवरच्या त्या स्वयंपाकघरात नळाला पाणी नव्हतं. भिंतीमागे एक माणूस बादली घेऊन उभा असायचा. ताईंनी नळ फिरवला की तो तांब्याने पाइपात पाणी ओतायचा. ओव्हन तर नुसता डबा, आत एक पिवळा बल्ब. पण दर गुरुवारी दुपारी ताई त्या डब्याचं दार अशा काही लगबगीने उघडायच्या, की बघणाऱ्याला घरबसल्या चटका बसावा.

ताई मूळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या. तीनशे माणसांचं जेवण आणि आवाज खणखणीत. कारखान्याची फिल्म काढायला आलेल्या एका निर्मात्याने तो आवाज ऐकला आणि यंत्रांवरचा कॅमेरा ताईंकडे वळवला. पुढे अकरा वर्षं कार्यक्रम चालला, चार पुस्तकं निघाली. शेगडीवरच्या कामात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. भट्टीचं काम मात्र त्यांना येत नसे, आणि हे फक्त त्यांना नि निर्मात्याला ठाऊक होतं.

"पुढच्या गुरुवारी संत्र्याचा केक," निर्माता म्हणाला होता.

"मला केक येत नाही हो."

"येत नाही म्हणजे? मैदा, लोणी, साखर, अंडी. चारच मिनिटं आहेत आपल्याकडे. ते अंडी वेगळी फेटणं वगैरे काढून टाका. सगळं एकदम घाला नि ढवळा."

"फुगेल का पण?"

"ताई, बल्बवर काय फुगणार आहे? तयार केक बेकरीतून येतोय."

आला. चांगला वीतभर उंच, उन्हाच्या रंगाचा. ताईंनी कच्चं भांडं आत सरकवलं, बाहेर बेकरीचा काढला, आणि आठवडाभर स्टुडिओचा फोन थांबेना. पुस्तक निघालं तेव्हा कृती कार्यक्रमाच्या टेपवरून जशाच्या तशा उतरवल्या गेल्या. संत्र्याचा केक पान एकशे बारावर आणि त्याचा फोटो थेट मुखपृष्ठावर. लोक दुकानात 'ते केकचं पुस्तक द्या' म्हणू लागले.

महिन्याभरात पहिलं पत्र आलं. 'ताई, माझा केक बसला. माझं काय चुकलं?' ताईंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि स्वतःचंच पुस्तक समोर ठेवून केक केला. बसला. पुन्हा केला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा भांडं बाईला घासायलासुद्धा दिलं नाही, स्वतःच घासलं. मग पत्राचं उत्तर लिहिलं : 'तुम्ही ओव्हनचं दार मध्येच उघडलं असणार.' पुढची पत्रं आली तशी तीच ओळ.

पत्रं लिहिणाऱ्यांचे चेहरे दिसत नव्हते, तोवर निभावलं. पण धाकट्या नणंदेने भावाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तोच केक केला. ही नणंद दवाखान्याच्या औषधखोलीत कामाला. इवल्याशा तराजूवर भुकट्या तोलून पुड्या बांधायची. तिचं माप चुकणं शक्यच नव्हतं. सुरी केकात अडकली, आणि ताईंचा सहा वर्षांचा मुलगा ओरडला, "बाबा, वीट!" घर हसून लोळलं. त्या दिवसापासून ती वीटआत्या.

"वहिनी, चुकलं कुठे गं?"

"दार उघडलंस मध्येच."

"नाही गं. समोर स्टूल टाकून बसले होते. हललेसुद्धा नाही."

"मग मैदा जुना असेल."

"कालच आणलाय."

"मग हातच जड तुझा," ताई म्हणाल्या. आणि सगळ्यांबरोबर हसल्या.

हे पंचवीस वर्षं चाललं.

आणि आता पुस्तकाची रौप्यमहोत्सवी आवृत्ती निघायची होती. प्रकाशकाने छापायच्या आधीची पानं पाठवून विचारलं होतं, 'काही दुरुस्ती?' रविवारी ताई पानं घेऊन बसल्या होत्या, हातात लाल पेन्सिल. कुठे स्वल्पविराम घातला, कुठे 'चमचा'चा 'चहाचा चमचा' केला. पान एकशे बारावर मात्र पेन्सिल टेकली नव्हती. समोर सगळे जमलेले. यजमान, मुलगा, नुकतीच घरात आलेली सून आणि नणंद.

"आत्या, तुम्हाला वीटआत्या का म्हणतात हो?" सुनेने विचारलं.

मुलगा खुसुखुसु हसू लागला. नणंदेने त्याला हाताने थांबवलं. "तू नको, मसाला लावून सांगशील. मीच सांगते." आणि उठून उभं राहून तिने सगळं करून दाखवलं. स्टूल, घड्याळ, सुरी रुतली तेव्हाचा भावाचा चेहरा. सून पोट धरून हसत होती. "पाच वेळा केला गं! पाच विटा! एका भिंतीचं सामान झालं. तेव्हापासून दवाखान्यात गोळ्या तीन-तीनदा मोजते मी. म्हटलं, मैद्यात चुकणारा हात औषधात चुकला म्हणजे?"

यावर सगळ्यात मोठा हशा पिकला. ताईंची पेन्सिल मात्र थांबली. गोळ्यांचं त्यांना माहीत नव्हतं.

नणंद पेले घेऊन आत गेली. ताई मागोमाग गेल्या आणि ओट्याकडे बघत सांगून टाकलं. बल्ब, बेकरी, दार लावून केलेले तीन केक.

नणंदेने नळ बंद केला. "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या पत्रापासून."

"म्हणजे माझ्या आधीपासून."

"हो."

"हात जड म्हणालीस तेव्हा?"

"तेव्हाही."

"मग मला कशाला सांगतेस इथे कोपऱ्यात? बाहेर सांग. हसलात बाहेर."

ताई बाहेर आल्या. "ऐका जरा," त्या म्हणाल्या. "ती कृतीच चुकीची आहे. पुस्तकातली. हिचं कधीच काही चुकलं नाही."

यजमान कौतुकाने मान हलवत म्हणाले, "बघा! मन केवढं मोठं! नणंदेची बाजू सावरायला आपल्या अंगावर घेतेय."

"आई, किती गोड आहात तुम्ही!" सून म्हणाली.

"अहो, खरं सांगतेय मी!"

"कळलं गं, कळलं."

नणंद दारात उभी होती. तिने मान खाली घातली. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगूनही वाहवा त्यांच्या पदरात आणि वीट तिच्याच.

"उठा सगळे," ताई म्हणाल्या. "आत चला. सूनबाई, हे पान घे आणि वाच. एक अक्षर बदलायचं नाही. आत्या तोलेल, मी घालेन."

सुनेने वाचलं, नणंदेने काट्यावर तोललं, ताईंनी सगळं एकदम घातलं नि ढवळलं. चाळीस मिनिटं पाच माणसं त्या ओव्हनसमोर बसून राहिली. यजमान मध्येच डोकवायला गेले, तर मुलगाच ओरडला, "बाबा, दार नका उघडू!"

केक बाहेर आला. कडा वर आणि मधोमध खड्डा. यजमानांनी सुरी घातली, ती अर्ध्यात अडकली. कुणी हसलं नाही. मुलगा आत्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण त्याला तिला हाक काय मारावी तेच सुचेना.

नणंदेने लाल पेन्सिल उचलली. "बरं, बरोबर माप काय? सांग. लिहिते."

"मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. "मला तो कधी आलाच नाही."

नणंदेने पेन्सिल त्यांच्याच हातात दिली. ताईंनी पान एकशे बारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, प्रकाशकाला फोन लावला.

"हो, दुरुस्ती आहे. केक काढायचा. हो, मुखपृष्ठावरचाही... पुस्तक ओळखू येणार नाही, कळतंय मला... नाही, छपाईची चूक असं नका घालू. माझी चूक आहे, पहिल्या पानावर तसं छापा."

फोन ठेवला तेव्हा नणंद चपला घालत होती.

"जेवायला थांबतेस ना गं?"

"आज नको, वहिनी."

"मग पुढच्या रविवारी?"

"बघू," ती म्हणाली, आणि जिना उतरली.