आबा मासे कुठे नेत होते

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो. आता ज्यांच्यासमोर लाज वाटावी अशी माणसं फारशी उरली नाहीत, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकात आम्ही इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठच्या एका कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. धरणाचा फुगवटा क्वार्टर्सच्या मागच्या बाभळींपर्यंत यायचा. आमच्यातला रत्नागिरीकडचा एक फिटर आत शिरलेल्या त्या पाण्याला खाडी म्हणायचा आणि पलीकडच्या खोल पाण्याला समुद्र. सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं-पाचजण गळ टाकून बसायचो. पोटासाठी नाही, हौसेनं. कुणाचा मासा मोठा यावरून आठवडाभर चिडवाचिडवी चालायची.

आबा स्टोअरमध्ये होते. लोणी भापकरचे, माळकरी. कॉलनीच्या देवळातल्या भजनात वीणा त्यांच्याकडे असायची. तेही गळ टाकायचे, पण एकटे, लांबच्या वळणावर. माळ घालून हा नाद कशाला, असं मी एकदा विचारलं.

"मला दोरीला बसणारी वड आवडती, तात्या. मासा न्हाय. लागला की सोडून देतो."

हातात आलेला कटला मासा कुणी सोडतं का? बाकीचे हसले. मला ते हसण्यावारी नेता येईना. एवढं कसब, आणि परतताना पिशवी कायम कोरडी. मी त्यांच्या स्कूटरची डिकी हुंगून पाहिली. हायवेवरचा धाबेवाला त्यांना रामराम करतो, हे ध्यानात ठेवलं. रामराम तो मलाही करायचा, तिकडे मात्र लक्ष दिलं नाही. आबा मासे धाब्यावर देतात, नाहीतर तिथंच बसून खातात, असं माझं मी ठरवून टाकलं.

एका एकादशीला भजनाआधी मी हे देवळात बोललो. सगळ्यांसमोर.

फिटर म्हणाला, "आबा, माळेला हात लावून सांगा की. मिटला विषय."

आबांनी गळ्यातली वीणा उतरवली. मग म्हणाले, "हात लावायला सांगताय, म्हंजी माळ तुमी आधीच काढलीय माझी."

त्यांनी वीणा शेजारच्याच्या गळ्यात घातली आणि घरी गेले. शपथ घेतली नाही म्हणजे पाणी मुरतंय, हे मीच सगळ्यांना पटवलं. त्यानंतर त्यांना भजनाला कुणी बोलावलं नाही.

तरी मला पुरावा हवा होता. पुढच्या सुट्टीला मी त्यांच्या वळणावर बाभळीआड जाऊन बसलो. आबांच्या गळाला मोठा मासा लागला. बराच वेळ त्यांनी त्याला खेळवलं, मग गुडघाभर पाण्यात उतरून गळ सोडवला. मासा दोन्ही हातांनी पाण्यातच धरून ठेवला आणि त्याची शेपटी हलायला लागल्यावर सोडून दिला. मी हे डोळ्यांनी पाहिलं. आणि मनात काय यावं? यानं रस्त्याकडेला लावलेली माझी स्कूटर पाहिली असणार, म्हणून हे नाटक.

पावसाळा उलटल्यावर आम्ही भाड्याची होडी करून खोल पाण्यात गेलो. मला कटला लागला. गळ काढताना त्याच्या ओठाला एक जुनं भोक दिसलं, भरून आलेलं. कडा फाटलेली नव्हती, म्हणजे कुणीतरी अलगद गळ सोडवला होता. थोड्या वेळानं तसाच आणखी एक मिळाला. जाळीवाले मासा सोडत नाहीत. आम्ही सोडत नव्हतो. फिटर म्हणाला, कुणाच्या तरी हातून निसटला असेल. मी मान डोलावली.

त्या दिवशी बोललो असतो, तर वीणा आबांकडे परत गेली असती. पण मग सगळे माझ्याकडे बघू लागले असते. मी गप्प राहिलो.

आबा रिटायर होऊन गावी गेल्यावर मी एकदा लोणी भापकरला गेलो. त्यांच्या गळ्यात माळ होती. मी का आलो हे त्यांनी विचारलं नाही. चहा झाल्यावर म्हणाले, "मासं लागत्यात का अजून?" पाणी उतरलंय यंदा, असं काहीतरी मी बोललो. एसटीपर्यंत ते सोडायला आले. गाडी आली, मी फक्त "येतो" म्हणालो. पुन्हा जायचं ठरवीपर्यंत आबा राहिले नाहीत.

म्हणायचं होतं ते एवढंच: आबा, तुम्ही मासा सोडलेला मी पाहिला होता. मला माफ करा.