चिनी चाचाचा वाडगा

बिदरात छावणीच्या रस्त्याला एका चिनी माणसाची खानावळ होती. लढाईच्या काळात गोऱ्या साहेबांचा आचारी म्हणून तो कलकत्त्याहून आला. साहेब गेले, हा राहिला. मूळ गाव कँटनकडचं, असं सांगायचा. लोक त्याला चिनी चाचा म्हणत. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, आणि बोली आमच्या सगळ्यांसारखीच दखनी.

मी आणि माझा मित्र तिथंच जेवायचो, कारण बाकीच्या खानावळींत त्याचे नाहीतर माझे सोयरे बसलेले असत. तो लिंगायत, कापडदुकानदाराचा मुलगा. घरात कानडी, दुकानात मराठी. मी चिंताकीकडच्या शेतकऱ्याचा, छापखान्यात खिळे जुळवणारा. मी पत्रकं मराठीत लिहायचो, तो ती कानडीत करायचा, आणि बाजाराच्या दिवशी दोघं मिळून वाटायचो. सावकारी, वेठ, उरलेसुरले जहागीरदार, आम्ही कुणाला सोडलं नव्हतं. पत्रकाच्या बाहेरही काही जग असतं यावर माझा तेव्हा फारसा विश्वास नव्हता.

आता हैदराबाद राज्य मोडणार हे ठरलं होतं. भालकी कुणीकडे जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि माझं उत्तर तयार होतं: महाराष्ट्रात. येत्या रविवारी भालकीत सभा होती. एका लिंगायत तरुणानं उभं राहून तेच कानडीतून सांगितलं, तर ही काही एका जातीची मागणी नाही हे आपोआप सिद्ध होणार होतं. मित्र हो म्हणाला होता. मग चार दिवस तो छापखान्याकडे फिरकलाच नाही. म्हणून मी त्याला दिवेलागणीला चाचाकडे बोलावलं.

आम्ही बसतोय तोच चाचा हात पुसत बाहेर आला. "आज पैसे नक्को. हमारा नया साल है. आज तुम लोगां मेरे घर के मेहमान."

त्यानं दोन मोठे वाडगे आणून ठेवले. शेवया, कोबी, पातीचा कांदा, वर आल्याचा वास. मित्रासाठी त्यानं एक लोखंडी कढई कायमची वेगळी ठेवली होती. तिला अंडं-मटण शिवत नसे. पहिल्यांदा आला तेव्हा मित्रानं शेवया बघून गूळ-दूध मागितलं होतं, त्यावरून चाचा अजून त्याला चिडवायचा. आज त्यानं चिडवलं तरी मित्र हसला नाही. गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीला हात लावून त्यानं डोळे मिटले, आणि जेवायला लागला.

"कामून आला न्हाईस चार दिवस?" मी विचारलं.

"जेवू दे की आधी."

त्यानं वाडगा संपवला, थोडं पाणी घालून विसळला आणि ते पाणी पिऊन टाकलं. त्याच्या घरची रीतच ती. हातात आलेलं अन्न हा प्रसाद, त्याचा कण टाकायचा नाही. चाचानं रिकामा वाडगा पाहिला आणि झारा भरून शेवया घातल्या.

"भाव्जींचा निरोप आलाय," मित्र खाली बघत म्हणाला. "कडगंचीवरनं. रविवारी सभेत बोललास तर अक्काला न्यायला येऊ नको म्हणायलेत."

त्याची अक्का मला ठाऊक होती. तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी मी खाल्ल्या होत्या. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिला आणायला पुढच्या आठवड्यात हाच जाणार होता. आई नव्हती त्यांना. सासरी एक खाटेवरची सासू.

"हा जुलूम हाय," मी म्हणालो. "अशा धमक्यांना भिऊन चळवळ चालते व्हय?"

"धमकी न्हवं ते. गाव सगळं कर्नाटकवालं, तिथं त्यांनाबी तोंड दाखवायचंय." तो पुन्हा वाडगा विसळून पाणी प्याला. "तूच सांग, काय करू?"

चाचा पुन्हा आला, पुन्हा भरून गेला. मित्राच्या कपाळाला घाम आला होता.

"चाचा, बस करो," मी म्हणालो. "पेट भर गया इनका."

"कटोरा तो खाली है ना! हमारे में मेहमान खाली कटोरा रख्या तो भूका है बोलते. पेट भरा तो थोडा छोडता आदमी."

"इनके में छोडते नै, चाचा."

तो मोठ्यानं हसला. त्याला ते भिडस्तपण वाटलं.

मी मित्राला हळूच म्हणालो, "थोडं टाक की. म्हंजे थांबंल तो."

"टाकू? अक्काचे दिवस भरत आलेत, अन् आज प्रसाद टाकू व्हय मी?"

आणि तो खात राहिला. मी माझा पहिलाच वाडगा सावकाश संपवत बघत राहिलो. माझ्याकडे जमीनदारीवर बोलण्यासारखं होतं, भाषेवर होतं, सरहद्दीवर तर तासभर होतं. एका बाईला गाडीत घालून माहेरी कसं आणायचं, यावर एकही वाक्य नव्हतं. आणि समोरच्या माणसाचा वाडगा थांबवण्याइतकीही माझी दखनी चालली नव्हती.

त्याचा हात अर्ध्यावर थांबला. घास गिळवेना.

"दुसऱ्यानं संपवला तर चालतंय का?" मी विचारलं.

त्यानं जरा विचार केला. "वाया न्हाई गेला म्हंजे झालं."

मी त्याचा वाडगा ओढला. राहिलेल्या शेवया खाल्ल्या, विसळून पाणी प्यालो. तो उठला आणि जोडे घातले.

"रविवारी तूच बोल की कानडीत."

"माझी कानडी ऐकून म्हशीबी हसत्याल."

"हसू दे. पर लिहिलेलं वाचू नको, सरळ बोल." दारात थांबून तो म्हणाला, "अक्का घरी आली की ये. तुझी आठवण काढती." मग तो गेला. सभेला येणार नाही हे त्यानं शेवटपर्यंत तोंडानं म्हटलं नाही, आणि 'ये' असं मीही म्हणू शकलो नाही.

चाचा आला. दोन्ही वाडगे रिकामे बघून त्याचा चेहरा उतरला.

"भूका गया क्या उनो?"

"नै चाचा. पेट भर के गया."

त्याला पटलं नसावं. त्यानं माझा वाडगा काठोकाठ भरला आणि समोर, मित्राच्या जागी बसून बघत राहिला. मी जमेल तेवढं खाल्लं. शेवटी चार शेवया तशाच ठेवून वाडगा पुढं सरकवला.

चाचानं वाकून वाडग्यात पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली.