शोभनाताईंची लाल ओळ

कार्ल्सरूहेतल्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये शोभनाताई केळुसकर हेल्पडेस्कला होत्या. कोल्हापूरच्या शाळेत अकरा वर्षं शिकवून नवऱ्याबरोबर जर्मनीत आलेल्या. आमचं शिकवण्याचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं आणि त्याची मदतीची पानं वापरणारेच विकीवर लिहायचे. ताई रोज एखादं पान सुधारायच्या. पानात कुणीही बदल केला की ते छापून फाइलला लावायच्या. आम्ही त्यांना 'कागदी बाई' म्हणायचो. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू?

विकीची राखण सिद्धेशकडे. पीएचडी करणारा, हुशार आणि पक्का उर्मट. 'रिसेट' बटणाच्या पानावर ताईंनी लाल अक्षरांत लिहिलं, 'हे दाबल्यास विद्यार्थ्यांनी जमा केलेलं सगळं पुसलं जातं. आधी बॅकअप घ्या.' त्याने ओळ काढून टाकली.

"ताई, हे डॉक्युमेंटेशन आहे, पाळणाघर नाही."

त्यांनी पुन्हा लिहिली, त्याने पुन्हा काढली. असं चार वेळा झालं. चारही वेळा मी शेजारच्या टेबलावर होतो.

फेब्रुवारी २००७ मध्ये एका प्राध्यापिकेने ते पान वाचून बटण दाबलं. एकशेचाळीस मुलांचं सेमिस्टरभराचं काम गेलं. चौकशी लागली. सिद्धेशने तोवर पान उडवून नव्याने टाकलं होतं, म्हणजे कुणी काय बदललं याची नोंदही गेली. बैठकीत म्हणाला, "ते पान फ्राऊ केळुसकर सांभाळायच्या." चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! ताईंचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं. ते वाढायचं की नाही, हे आता या बैठकीवर होतं. मी टेबलाकडे बघत बसलो.

ताई उठल्या, फाइल घेऊन आल्या आणि आठ कागद मांडले. प्रत्येकाच्या तळाशी तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्याचं नाव. प्रमुखांनी सगळे वाचले. कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश केक घेऊन आला. "सॉरी ताई. विसरून जा ना आता."

"केक ठेव तिकडे. आधी ती ओळ लिही."

"संध्याकाळी नक्की लिहितो."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने लिहिली. ताईंनी पान छापलं, फाइलला लावलं, मग केक कापला. सगळ्यांना दिला, सिद्धेशलाही. माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"तो निदान तोंड उघडून खोटं बोलला," त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन पुढे गेल्या.