वाळलेला नमुना

आप्पा गेल्याचा फोन त्यांच्या गावाहून, निमोण्याहून, त्यांच्या सुनेने केला, तेव्हा रजेवर जाताना आप्पांनीच दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीची गाठ मी सोडत होते. हात तिथेच थांबला... कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात आप्पा बॉयलर सांभाळत आणि मी प्रयोगशाळेत इंधनाची उष्णता मोजते. आमचं नातं त्या पिशवीतल्या इंधनाच्या तुकड्याचं.

माझ्या नोकरीचा पहिला उन्हाळा होता. उसाचं चिपाड दाबून केलेल्या ठोकळ्यांची, ब्रिकेटची, गाडी आली. नमुना उघड्या ट्रेमध्ये खिडकीशी ठेवून मी जेवायला गेले. कुरकुंभचं ऊन ते, परत येईपर्यंत तुकडे कोरडे ठणठणीत. आकडा झकास आला. मी सही ठोकली, गाडी रिकामी झाली. दुपारनंतर वाफेचा दाब पडू लागला. आप्पा घामाने निथळत भट्टीत ब्रिकेट टाकत होते, पण काटा काही चढेना. शेवटी त्या वाफेवर चाललेली औषधाची बॅच वाया गेली.

साहेबांच्या टेबलावर माझा रिपोर्ट होता. इंधन चांगलं, म्हणजे आप्पांचंच लक्ष नव्हतं, असा सरळ हिशेब.

"माल ओला हाय साहेब," आप्पा म्हणाले. "निम्मी आग पाणी उडवण्यातच जातीय."

साहेबांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला खिडकीतला ट्रे दिसत होता. माझी नोकरी पक्की व्हायला महिनाच उरला होता, आणि मी गप्प बसले. आप्पांना त्याच दिवशी घरी पाठवलं.

तीन दिवस मी दौंडहून जात-येत होते, डबा तसाच परत आणत होते. बॉयलरवर नवा माणूस उभा होता. चौथ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली, नोकरी कशीबशी वाचली, आप्पांना परत बोलावलं. आल्या आल्या ते प्रयोगशाळेत आले. आता हजेरी घेणार, असं वाटलं. त्यांनी गच्च बांधलेली पिशवी टेबलावर ठेवली.

"पोरी, माझ्या भट्टीत जसं जातंय, तसंच मोजत जा."

त्यानंतर प्रत्येक गाडीचा तुकडा ते असाच बांधून आणून देत. त्या तीन दिवसांबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी माफी मागितली नाही. रजेवरून आले की बोलू, असं मी दर वेळी ठरवायचे...

शेवटची पिशवी माझ्या खणात आहे. आतून प्लास्टिकला अजून दमट वाफ धरलेली दिसते. गाठ सोडली तर तासाभरात उडून जाईल. त्या गाडीसाठी मी दुसरा नमुना मागवून घेतला.