चपलांच्या दुकानातले नमस्कार

कुणावर लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि माझं लिहिणं अजून परीक्षेच्या उत्तरांपलीकडे गेलेलं नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण माझ्या चुलत्यांसारखा नमस्कार करणारा माणूस साऱ्या पाथर्डी तालुक्यात दुसरा नाही, हे कुणीतरी लिहायलाच हवं.

गणपती उठले आणि चुलते पाथर्डीत चपलांच्या दुकानात लागले. पहाटे उठून ते बाजा विणत, मग गोठ्यापाशी बसून गुरांचे कासरे वळत, आणि एखादा अर्धवट कासरा खिशात कोंबूनच दुकान गाठत. बुटाची नाडी बांधायची तर बैल बांधायच्या गाठीनं. एका गुरुजींचा बूट घरी निघेचना. दुसऱ्या दिवशी ते नाडी कापून तक्रारीला आले. चुलते अभिमानानं म्हणाले, "गुरुजी, बैलानं वढली तरी सुटायची न्हाई ही गाठ!" गुरुजी म्हणाले, "अहो, पण मला झोपायचं होतं!"

पण खरी पंचाईत नमस्काराची. कुणाच्या पायाला हात लागला की तो कपाळाला न्यायचा, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. आणि चपलांच्या दुकानात पायाला हात लागल्यावाचून दिवस कसा जायचा? म्हातारी माणसं चप्पल घालता घालता आशीर्वाद देत. तरुण मात्र हबकत. बापाच्या वयाचा माणूस पाया पडतोय म्हटल्यावर ते उलटे चुलत्यांच्या पाया पडत, सोबतची बायकोही डोक्यावर पदर घेऊन वाके. एक अख्खं कुटुंब या गडबडीत चप्पल घ्यायचीच विसरून बाहेर पडलं. मालक कडाडले, "काका, दुकान हाय का लग्नाचा मांडव? महिनाभर बघतो म्हणलं हुतं. आता एक जरी नमस्कार दिसला तरी घरी बसायचं!"

घरी बसणं चुलत्यांच्या नशिबी नव्हतंच. दसऱ्यानंतर आमच्या गावातून ऊसतोडीच्या गाड्या भरतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिथं 'कोयता' म्हणतात. चुलते दुकानात टिकले तर चुलतीचा उसाचा फड सुटणार होता. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढणं तिच्या गुडघ्यांना आता झेपत नव्हतं. नाही टिकले, तर दोघंही गाडीत.

सुट्टीत मी दुकानात गेलो, तर समोर नेमका मुकादम बसलेला. गावातल्या गाड्या तोच भरतो. वयानं चुलत्यांहून मोठा. पाय पुढे करून म्हणाला, "काय रं, यंदा तुझा कोयता धरू का नको?" चुलत्यांनी चप्पल त्याच्या पायात सरकवली. हात पायाला लागला. गल्ल्यावरून मालक टक लावून बघत होते. हात कपाळाकडे निघाला, मध्येच थबकला, आणि मिशीवरून फिरून खाली आला.

"आठ नंबर बरूबर बसतोय," चुलते म्हणाले. "कोयत्याचं महिना भरल्यावर सांगतो."

"तुझा महिना भरंस्तवर गाडी थांबायची न्हाई," असं म्हणून मुकादम नव्या चपला वाजवत निघून गेला. चुलते तसेच उकिडवे बसून राहिले. मला म्हणाले, "लेका, मोठ्या माणसाच्या पायाला हात लावला आन् तसाच खाली घेतला. लई वंगाळ वाटतंय."

मी नगरला कॉलेजात परतलो. दसरा झाला. घरचा फोन काही केल्या लागेना. फडात रेंज नसते हे मला ठाऊक, म्हणून 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकलं की वाटे, दोघंही गाडीत गेली. वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी चुलतीचाच फोन आला. "मोबाईल पान्यात पडला हुता रं. ठिवलं त्यास्नी. मालक म्हनले, या रोज."

"मग चांगलंच झालं की, काकू!"

ती म्हणाली, "व्हय, चांगलंच झालं. पर सगळी आळी गेली रं गाडीत. समद्या दारांना कुलपं. लगीन झाल्यापासनं थंडीतलं आपलं गाव मी बघितलंच न्हवतं. इतकं गप गप असतंय, मला ठावंच न्हवतं."