सीताअशोकाखालची जमीन

ओढ्याकाठच्या सीताअशोकांची गर्द सावली बघत मी उभा होतो आणि माझी ताई गुडघे टेकून खालचा पालापाचोळा हातानं बाजूला सारत होती. ताई वनस्पतिशास्त्र शिकवते. आपल्या मातीतली कोणती झाडं नामशेष व्हायच्या वाटेवर आहेत, याचा अंदाज घेत ती रानोमाळ हिंडते.

“एवढी धडधाकट झाडं! यांना कसला धोका?” मी म्हणालो.

“वर नको बघूस. खाली एक तरी रोप दिसतंय का सांग.”

एकही नव्हतं. गुरं घेऊन आलेल्या सगुणाबाई म्हणाल्या, “दुपारची गुरं हितंच बसत्यात. कोवळं काय ऱ्हाणार?”

गावात माणसं सगळी धट्टीकट्टी असावीत आणि शाळेत एकही मूल नसावं, तशी ती सावली मला एकाएकी भकास वाटली.

ताई मात्र उठून कामाला लागली. सगुणाबाईंनी करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून दिल्या आणि आम्ही तिघांनी दोन झाडांभोवती कुंपण घातलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर गेलो, तर कुंपणाच्या आत तांबूस, लोंबत्या पानांची रोपं उभी होती. मी हरखलो. “आता तरी यांचा धोका टळला म्हण!”

“इतक्यात नाही. ही रोपं फुलतील, त्यांच्या बिया रुजतील, तेव्हा म्हणेन.”

ताईचे केस कधीच पांढरे झालेत. मी चाचरत विचारलं, “त्याला किती वर्षं लागतील गं?”

“लागू देत,” ती म्हणाली आणि कुंपणातली मोडकी फांदी बदलायला खाली वाकली.